फुकटचा अनुभव कोणाला परवडतो?

'स्टायपेंड नाही, पण शिकायला भरपूर मिळेल.' बंगळूरु, पुणे, गुरुग्राममधल्या छोट्या स्टार्टअपपासून वकिलांच्या कचेऱ्यांपर्यंत हे वाक्य सर्रास ऐकू येतं. मालकाला ते औदार्य वाटतं. प्रत्यक्षात ती चाळणी आहे.

सहा महिने बिनपगारी काम कोण करू शकतं? ज्याचं त्या शहरात घर आहे, किंवा ज्याच्या खोलीचं भाडं वडील भरतात तो. शिष्यवृत्ती रखडली की जिचं मेसचं बिल थकतं, जिला घरीही पैसे पाठवावे लागतात, ती मुलगी नाही. पुढे नोकरीच्या मुलाखतीत प्रश्न येतो, 'अनुभव आहे का?' जात न विचारताच जातीची निवड झालेली असते. वर तिलाच 'मेरिट' म्हणायचं.

शब्दाची चलाखीही पाहा. 1961 च्या अप्रेंटिस कायद्यात विद्यावेतन देणं बंधनकारक आहे. 1973 च्या दुरुस्तीने त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखीव झाल्या. त्याच खुर्चीवर बसणाऱ्याला 'इंटर्न' म्हटलं की विद्यावेतन गेलं आणि आरक्षणही गेलं. जाहिरातही लागत नाही. ओळखीतल्या कोणाचा तरी मुलगा येतो.

'आम्ही लहान, आम्हाला परवडत नाही,' असं उत्तर मिळतं. धंदा लहान म्हणून जागेचं भाडं, विजेचं बिल कोणी माफ करतं का? मग माणसाचे श्रमच फुकट का? शिवाय तीसपेक्षा कमी माणसांच्या, अगदी चार माणसांच्या आस्थापनेलाही अप्रेंटिस घेता येतात. 2016 मध्ये तर केंद्राने विद्यावेतनाचा 25 टक्के, म्हणजे महिन्याला 1500 रुपयांपर्यंतचा वाटा उचलण्याची योजना आणली. मार्ग होता, इच्छा नव्हती.

राबवून घ्यायचं आणि मोबदल्याचं नाव काढायचं नाही, ही रीत आपल्याला नवी नाही. 1928 मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाबाबत विधेयक मांडलं, ते याच राबणुकीविरुद्ध. संविधानाच्या अनुच्छेद 23 ने वेठबिगारीला मनाई केली. 1982 च्या एशियाड निकालात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करवून घेतलेलं कामही सक्तीचं ठरवलं, कारण गरजही माणसावर सक्ती करते. तो खटला बांधकाम मजुरांचा होता. पदवी हातात असली म्हणून गरजेची सक्ती कमी होत नाही.

म्हणून रुजू होण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: विद्यावेतन किती, शिकवणार कोण, कामाचे तास किती. मागताना संकोच करू नका. हा उपकाराचा नाही, हक्काचा व्यवहार आहे. लेखी उत्तर मिळालं नाही, तर त्यांना फुकटचा मजूर हवा आहे, असं खुशाल समजा.