'पॉश'ला बोटीतून उतरवा

पॉश वस्ती, पॉश हॉटेल, 'काय पॉश राहतात!' हा शब्द मराठीत पुरता मुरला आहे. त्याच्या जन्माचा विषय निघाला की एखादा जाणकार हमखास बोटीची कथा सांगतो. साहेब इंग्लंडहून मुंबईला पी अँड ओ कंपनीच्या बोटीने येई. येताना डाव्या, म्हणजे पोर्ट अंगाच्या केबिनी उत्तरेला, सावलीत. परतताना उजव्या, स्टारबोर्डच्या. म्हणून धनिकांच्या तिकिटांवर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'ची आद्याक्षरं छापत: पी-ओ-एस-एच.

उन्हासावलीचं हे गणित ढोबळमानाने जुळतं आणि लोक तिथेच फसतात. असं तिकीट आजवर कुणी दाखवलेलं नाही. कंपनीच्या दप्तरातही तशी नोंद सापडली नाही. 'ऐटबाज' या अर्थाने शब्द १९१४ पासून छापील आढळतो, बोटीची कथा १९३५ च्या सुमारास. शिवाय आद्याक्षरं जोडून बोलीतला शब्द घडवायची चाल फोफावली ती महायुद्धांच्या काळात.

मग याचं कूळ कोणतं? १८३० च्या सुमारास इंग्लंडमधल्या भामट्यांच्या बोलीत 'पॉश' म्हणजे अर्धा पेनी, चिल्लर. तो आला रोमानीतून. तिथे त्याचा अर्थच 'अर्धा'. पुढे तो नुसत्या पैशाला लागू झाला. १८९० च्या बारेर-लेलँड यांच्या बोलीकोशात पैसा आणि छानछोकीचा माणूस असे दोन्ही अर्थ मिळतात. १९१८ मध्ये 'पंच' या विनोदी साप्ताहिकाच्या एका व्यंगचित्रात हवाई दलातला तरुण अधिकारी हाच शब्द ऐटीत वापरतो. पैशापासून ऐटीपर्यंतचा सांधा पक्का नाही, कोशकारही तिथे 'बहुधा' म्हणतात. तरी या बाजूला नोंदी आहेत, तारखा आहेत. बोटीकडे नुसती गोष्ट आहे.

आणि भारताशी नातं जोडायचंच असेल तर ते इथेही आहे. रोमानी ही भारतातून पश्चिमेकडे गेलेल्या लोकांची भाषा, मराठी-हिंदीची चुलत बहीण. युरोपभर हाकलल्या गेलेल्या या भटक्यांनी इंग्रजीला शब्द दिला, हे सांगायला कुणी पुढे येत नाही. साहेबाच्या थंडगार केबिनची कथा मात्र आपण कौतुकाने ऐकवतो. साहेब गेला, पण त्याची हौस आपल्याला अजून सुटली नाही!

आद्याक्षरांचा 'पॉश' हवाच असेल, तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. त्याला कचेऱ्यांमध्ये म्हणतात तो 'पॉश' खरोखरच आद्याक्षरांचा.