मुक्तीनंतरचे कर्ज

नगर हवेली पोर्तुगिजांकडे गेली ती रणांगणात हरून नव्हे, देणे फेडताना. मराठी आरमाराने १७७२ मध्ये पोर्तुगिजांचे 'सांताना' हे जहाज धरले. त्याची भरपाई म्हणून पेशव्यांनी १७७९ च्या तहात वर्षाला १२ हजार रुपये वसुलाची गावे देऊ केली आणि १७८३ मध्ये ती हवाली झाली. दऱ्याखोऱ्यांतल्या वारली आणि कोकणा आदिवासींना कोणी विचारले नव्हते. दुसऱ्याच्या देण्यापायी त्यांनी एकशे सत्तर वर्षे परका अंमल सोसला.

२ ऑगस्ट १९५४ ला नगर हवेलीचे मुख्य ठिकाण सिल्वासा मुक्त झाले. राजा वाकणकर, सुधीर फडके, विश्वनाथ लवंदे यांच्यासारखी माणसे त्या लढ्यात उतरली, आणि त्यांच्या खर्चासाठी लता मंगेशकर पुण्यात गायल्या. लोकांच्या पैशाने, लोकांच्या भरवशावर झालेली ही मुक्ती होती. मुक्तिदिनी ध्वजारोहण होईल, हुतात्म्यांचे स्मरण होईल, आणि ते झालेच पाहिजे. आज आम्हाला बोलायचे आहे ते मात्र मुक्तीनंतर उरलेल्या एका प्रश्नाबद्दल: गरिबाला कर्ज कोणी द्यावे, कशासाठी द्यावे आणि ते बुडाले तर कोणी सोसावे.

या मुलखात कर्ज हा शब्द साधा नाही. शेजारच्या डहाणू, उंबरगाव, तलासरीच्या पट्ट्यात लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या थोड्याशा पैशापायी नवराबायको दोघेही त्याच्या घरी राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. फेड कधी संपत नसे, कारण हिशेब सावकाराच्याच वहीत असे. २३ मे १९४५ ला झरी गावात हजारो वारली जमले आणि शामराव व गोदावरी परुळेकरांच्या साथीने त्यांनी वेठ नाकारली. नऊ वर्षांनी हवेली मुक्त होताना याच पट्ट्यातले लाल बावट्याचे कार्यकर्तेही त्यात होते. एक मुक्ती परक्या राज्यापासून होती, दुसरी सावकाराच्या वहीपासून. ज्यांच्या आजोबांनी ही वही पाहिली त्यांच्यापुढे आता सौर ऊर्जेच्या कर्जाचा अर्ज ठेवायचा असेल, तर तो कोण ठेवतो याला व्याजदराइतकेच महत्त्व आहे.

आज गरज कुठे आहे ते पाहू. दरडोई वीजवापरात हा प्रदेश देशात अगदी वरच्या क्रमांकावर असतो, पण ती वीज कारखान्यांची. खानवेल, मांदोणी, सिंदोणीच्या पाड्यांवरच्या माणसाचा वापर त्या सरासरीत कुठेच दिसत नाही. मधुबन धरणाचे पाणी दुधनीच्या पायथ्याशी पसरलेले असते, आणि वरच्या उतारावरचे शेत भात निघाले की कोरडे पडते. पाणी वर चढवायला पंप हवा, पंपाला ऊर्जा हवी आणि दोन्हींसाठी हाताशी पैसा हवा.

सरकारी योजना आहेत. २०२४ च्या 'पीएम सूर्य घर' योजनेत तीन किलोवॉटच्या सौर संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळते आणि बँकांचे विनातारण कर्जही आहे. पण अनुदान संच बसल्यावर खात्यात येते, आधीचा पैसा घरमालकाने उभा करायचा असतो. शिवाय स्वतःचे छप्पर आणि विजेची रीतसर जोडणी हवी. सिल्वाशाच्या औद्योगिक वसाहतींभोवती पत्र्याच्या चाळींत भाड्याने राहणाऱ्या कामगाराला यातले काय मिळणार? त्याला हवे असते ते लहान कर्ज: छपराला उष्णता परतवणारा रंग, कमी विजेचा पंखा, नाहीतर संध्याकाळच्या गाडीवर लावायला बॅटरीचा दिवा. पाच-दहा हजारांच्या अशा कर्जाच्या कागदपत्रांवर मोठ्या बँकेचा जेवढा खर्च होतो तेवढे व्याजही तिला मिळत नाही. म्हणून ती हे कर्ज देत नाही.

ते पतसंस्था देऊ शकते, बचत गट देऊ शकतो. पिग्मी गोळा करणारा एजंट रोज त्या गाडीवाल्यासमोर उभा असतो. त्याचा धंदा कोणत्या दिवशी चालतो आणि घरी आजारपण कधी आले, हे एजंटला ठाऊक असते. सौर दिव्यांच्या कर्जाचे काम कर्नाटकात उभे करणारे 'सेल्को'चे हरीश हांडे एका फेरीवालीचा अनुभव सांगतात: महिन्याला तीनशे रुपये तिला जड जात, रोजचे दहा रुपये जात नसत. हप्ता कमाईच्या पावलाने चालला की गरीब माणूस तो चुकवत नाही. त्याच कर्नाटकात २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने कॅनरा आणि सिंडिकेट बँकेबरोबर सौर कर्जाची योजना सुरू केली. देणगीच्या पैशातून व्याजाचा काही भार उचलला गेला आणि दर सुमारे १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. काही वर्षांतच १६ हजारांहून अधिक घरांत सौर दिवे लागले. देणगीदारांनी दिवे फुकट वाटले नाहीत हे आम्हाला विशेष वाटते. फुकट वाटलेला दिवा बिघडला की तो छपरावर तसाच पडून राहतो. कर्जावर घेतलेला दिवा बंद पडला तर हप्ताही थांबतो, म्हणून दुरुस्तीची काळजी कर्ज देणाऱ्यालाही लागते.

झाडांचे कर्जही याच जातीचे आहे. 'बाएफ' या संस्थेने १९८२ पासून वांसद्यात आदिवासी कुटुंबांच्या उजाड जमिनीवर आंबा-काजूच्या वाड्या उभ्या केल्या. पुढे जव्हारच्या डोंगरांतही त्या आल्या आणि नाबार्डने हीच कल्पना देशभरच्या आदिवासी भागांसाठी उचलली. हवेलीचा डोंगर याहून वेगळा नाही. पण आंबा धरायला चार-पाच वर्षे लागतात. पहिल्या महिन्यापासून हप्ता मागणारे कर्ज ती वाडी उभी राहण्याआधीच मोडून टाकील. इथे धीराचा पैसा हवा, आणि नफ्यासाठी उभ्या असलेल्या कंपनीला तो धीर परवडत नाही.

मग तोटा कोणी सोसायचा? सहकाराच्या आमच्या प्रेमापायी हा प्रश्न टाळता येणार नाही. २०१९ मध्ये 'पीएमसी' या सहकारी बँकेत ठेवीदारांचे पैसे कसे अडकले ते सर्वांनी पाहिले आहे. सहकारी बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तोही नाही. तेव्हा एखाद्या विधवेच्या ठेवीतून सौर पंपाचा प्रयोग करा असे आम्ही म्हणणार नाही. पहिला तोटा देणगीच्या पैशाने सोसावा. ना-नफा संस्थेने हमीनिधी उभारावा, पतसंस्थेला स्वस्त भांडवल द्यावे, संच आणि विक्रेता पारखून द्यावा, कर्मचाऱ्यांना शिकवावे. कर्ज मात्र गावच्या संस्थेनेच द्यावे आणि वसूलही तिनेच करावे.

अमेरिकेत 'इन्क्लुसिव्ह' ही ना-नफा संस्था हेच करते. गरीब वस्त्यांतल्या क्रेडिट युनियन, म्हणजे आपल्या पतपेढ्यांसारख्या सभासदांच्या संस्था, तिने १९७४ पासून एकत्र बांधल्या आहेत. एप्रिल २०२४ मध्ये हरित कर्जांसाठी तिला १८७ कोटी डॉलरचे सरकारी अनुदान मंजूर झाले. वर्षभरात सरकार बदलले, मार्च २०२५ मध्ये ते अनुदान रद्द झाल्याचे जाहीर झाले आणि वाद न्यायालयात गेला. एकाच सरकारी तिजोरीवर विसंबू नये, हा त्यातून आपण घ्यायचा धडा. बाकीचे शिकायला तिकडे जायची गरज नाही. बॉस्टनचा व्यापारी एडवर्ड फिलीन १९०७ मध्ये हिंदुस्थानात आला आणि बंगालच्या खेड्यांतल्या पतपेढ्या पाहून भारावला. १९०९ मध्ये मॅसॅच्युसेट्सने क्रेडिट युनियनचा कायदा केला, त्यामागे त्याचा पुढाकार होता. त्याच्याही आधी, १८८९ मध्ये, बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी 'अन्योन्य सहकारी मंडळी' उभी केली होती.

रिझर्व्ह बँकेने जून २०२३ पासून हरित ठेवींची चौकट लागू केली, ती व्यापारी बँकांना आणि ठेवी घेणाऱ्या वित्त कंपन्यांना. सहकारी बँका त्या चौकटीबाहेर राहिल्या. हे आम्हाला मान्य नाही. सक्षम आणि स्वच्छ कारभाराच्या सहकारी बँकांना त्यात घ्यावे. नागरी सहकारी बँकांची शिखर संस्था मार्च २०२४ मध्ये सुरू झाली आहे, तिने हा विषय हाती घ्यावा.

सिल्वाशाच्या कारखानदारांकडेही आमचे मागणे आहे. करसवलतींच्या काळात हे कारखाने इथे आले आणि इथल्या जमिनीवर, पाण्यावर, माणसांवर वाढले. कंपनी कायद्याप्रमाणे सामाजिक कामासाठी नफ्याचे दोन टक्के खर्च करताना कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यायचे असते. शाळेला बाके आणि रुग्णालयाला खुर्च्या जरूर द्याव्यात. त्याबरोबर, नियमांत बसेल अशा रीतीने, एखाद्या विश्वासू संस्थेकडे हमीनिधी ठेवावा. बाक एकदाच दिले जाते. हमीनिधीच्या आधाराने दिलेले कर्ज फिटले की तीच हमी पुढच्या घराला देता येते.

प्रशासनाने एक गोष्ट करावी: कर्जाचा करार, व्याज आणि हप्त्यांची वही कर्जदाराला कळेल अशा भाषेत, त्याच्या हातात द्यावी, असा नियम करावा. वारली माणसाला गुजराती किंवा इंग्रजी कागदावर अंगठा उठवायला लावणे आता बंद झाले पाहिजे.

आणि वाचकांना एक विनंती. सप्टेंबरअखेरपर्यंत पतसंस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा होतील. आपण सभासद असाल तर अहवाल आणि अल्पोपाहार घेऊन परतू नका. ठेवींना हात न लावता, वेगळ्या हमीनिधीच्या आधारावर सौर संच, पंप आणि वाडीसाठी कर्जयोजना सुरू करावी, असा ठराव लेखी द्या आणि तो मतास टाकायला लावा.