विश्लेषण : सभामंडप बदलला, तर दशावतार टिकेल का?

२०२५ मध्ये आलेल्या ‘दशावतार’ या मराठी चित्रपटामुळे तळकोकणातील ही लोककला राज्यभर चर्चेत आली. पण ती ज्या वास्तूत वाढली, त्या गावदेवळाच्या सभामंडपाबद्दल फारसे कुणी बोलत नाही. कला आणि वास्तू वेगळ्या काढल्या, तर दोन्हींचे नुकसान आहे.

रंगमंच कसा असतो?

कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास मालवण, वेंगुर्ल्याच्या किनारपट्टीवर जत्रांचा हंगाम सुरू होतो. पालखीची प्रदक्षिणा झाली की रात्री उशिरा मंडपात नाटक उभे राहते. नेपथ्य म्हणजे एक लाकडी बाकडे. तेच सिंहासन, तोच रथ. प्रेक्षक जमिनीवर, कलाकारांच्या अगदी जवळ बसतात. पहाटे दहीकाल्याने सांगता होते.

यात गावाची गोष्ट कुठे?

आख्यान पुराणातले असले तरी संवाद लिहिलेले नसतात, ते ऐनवेळी रचले जातात. वेद पळवणारा संकासुर चक्क मालवणीत बोलतो आणि समोरच्यांची फिरकी घेतो. गावातली माणसे, भांडणे, मासळीचे भाव अशा बोलण्यात सहज येतात. समोरचा माणूस दिसला नाही, तर ही फिरकी घेणार कुणाची?

जीर्णोद्धाराने काय बदलते?

जुने मंडप जांभ्या चिऱ्यांचे, लाकडी खांबांचे, उतरत्या कौलांचे. कोकणच्या पावसात छप्पर गळते, लाकडाला वाळवी लागते. म्हणून चाकरमान्यांच्या वर्गणीतून गावाने स्लॅब टाकायचे ठरवले, तर त्याला दोष देता येत नाही. प्रश्न उंच स्टेज बांधण्याचा आहे. स्टेज आले की अंतर येते, अंतर आले की माइक येतो आणि समोरासमोरचा संवाद भाषणासारखा होतो.

कायदा पुरेसा आहे का?

१९५८ चा केंद्रीय कायदा किमान १०० वर्षे जुन्या आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या वास्तूंसाठी आहे. साधी गावदेवळे सहसा त्यात बसत नाहीत. युनेस्कोच्या २००३ च्या करारात मात्र कलेसोबत तिच्याशी जोडलेल्या जागेचाही समावेश आहे. भारताने तो २००५ मध्ये स्वीकारला. केरळच्या देवळांत सादर होणारे मुडियेट्टू २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले.

मग करायचे काय?

यादीची वाट पाहण्याची गरज नाही. जुना मंडप उतरवण्याआधी त्याची मापे, नकाशे आणि जत्रेच्या एका संपूर्ण रात्रीचे चित्रीकरण करून ठेवता येते. नव्या आराखड्यावर अभियंत्याइतकेच दशावतारी कलाकारांचेही मत घेता येते. छप्पर बदलले तरी चालेल. खेळाची जागा प्रेक्षकांच्याच पातळीवर आणि तिन्ही बाजूंनी मोकळी राहायला हवी. त्याला जादा खर्च फारसा नाही. बांधकामाच्या बैठकीत हा विषय वेळेवर निघाला पाहिजे, एवढेच.