पिक्चर पाहून आलेल्या माणसाला विचारा

यंदाच्या अंकातल्या चित्रपट विभागात एकाही समीक्षकाचा लेख नाही. आम्ही हे ठरवून केलं आहे, आणि का केलं ते या पानावर सांगायचं आहे.

उन्हाळ्यात आम्ही वाचकांना आवाहन केलं होतं. अलीकडे पाहिलेल्या एका चित्रपटाबद्दल लिहा. थेटरात पाहिलेला असो, घरी टीव्हीवर असो, की एसटीत बसून मोबाइलवर. चित्रपट नवाच हवा असं नाही, तुम्ही तो नुकता पाहिलेला असला म्हणजे झालं. अटी दोनच होत्या : गोष्ट सांगायची नाही आणि तारे द्यायचे नाहीत. एकच प्रसंग निवडायचा आणि तो डोक्यातून का जात नाही ते लिहायचं.

पत्रं आली, आणि ती वाचताना संपादकीय टेबलावरची आमची बोलण्याची पद्धतच बदलली. पटकथा सैल आहे का, छायाचित्रण कसं आहे, हे आम्ही एकमेकांना विचारेनासे झालो. कारण पत्रांत दुसरंच काही येत होतं. समीक्षकाला सिनेमा कळतो. पण तो सिनेमा ज्या जगण्याबद्दल आहे ते जगणं कळणारा माणूस अनेकदा मागच्या रांगेत बसलेला असतो, आणि त्याला कुणी विचारत नाही.

याचं सगळ्यात जुनं उदाहरण आपल्याच गिरगावातलं आहे. 1910 च्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके नावाच्या, व्यवसायात ठेच खाल्लेल्या माणसाने मुंबईत तंबूत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पाहून झाल्यावर तो पुन्हा पाहायला पत्नीला, सरस्वतीबाईंना, घेऊन गेला. पुढे ‘नवयुग’ मासिकात फाळक्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की समोर ख्रिस्ताचं चरित्र सरकत होतं तेव्हा मनात राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती. त्यातून 3 मे 1913 रोजी कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. आपण फाळक्यांना चित्रपटसृष्टीचे जनक म्हणतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या तंबूत ते प्रेक्षक होते. पडद्यावर एक गोष्ट चालली होती आणि ते आपल्या घरातली गोष्ट तिच्यात मिसळत होते. आणि लगेच ते कुणाला तरी सांगावंसं, दाखवावंसं वाटलं. पाहिलेलं दुसऱ्याला सांगण्याची ही ओढ आपल्या चित्रपटाच्या मुळाशी आहे, असं आम्हाला वाटतं.

आता पत्रांकडे येतो. त्यांतलं एक मी इथे जरा विस्ताराने सांगणार आहे, कारण ते वाचल्यापासून मला तो चित्रपट पूर्वीसारखा पाहता येत नाही.

हे पत्र न्यायालयातल्या एका निवृत्त लघुलेखकाचं आहे. चित्रपट चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’. 2014 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेलेला, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला. नारायण कांबळे या लोकशाहिरावर खटला भरला जातो. आरोप असा की, त्याच्या गाण्यामुळे एका गटार-सफाई कामगाराने आत्महत्या केली. या चित्रपटावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे : जात, सत्ता, न्यायव्यवस्थेचा संथपणा. या गृहस्थांनी यातलं काहीच लिहिलेलं नाही. त्यांनी निवडला तो मृत कामगाराच्या बायकोच्या साक्षीचा प्रसंग. नवरा कामावर दारू पिऊन जायचा, कारण वास सहन होत नसे. अंगावर सुरक्षेचं काही नसायचं. गटारात उतरण्याआधी खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे असं समजायचं. बाई हे सगळं सपाट, रोजच्या आवाजात सांगते. आणि न्यायाधीश त्यातलं नोंदीत काय जायचं ते इंग्रजीत तोंडी सांगत जातात.

पत्रलेखक म्हणतात : माझं अख्खं आयुष्य त्या खुर्चीत गेलं. साक्षीदार बोलायचा, साहेब त्यातून वाक्य काढून द्यायचे, मी ते उतरवायचो. ते वाक्य चुकीचं नसायचं. फक्त माणूस जे बोलला त्यातलं बरंचसं माझ्या कानात राहायचं आणि कागदावर यायचं नाही. घरी गेल्यावर जेवताना ते आठवायचं. हे काम असं असतं हे मी बायकोलाही कधी सांगू शकलो नव्हतो. पिक्चर बघताना तिला म्हटलं, बघ, तो टाइप करणारा मी आहे.

आम्ही ‘कोर्ट’वरचे किती तरी लेख वाचले आहेत. त्या टाइप करणाऱ्या माणसाबद्दल असं काही लिहिलेलं आमच्या पाहण्यात नाही. ते लिहायला त्या खुर्चीत आयुष्य काढावं लागतं.

याच चित्रपटावर दुसरं पत्र आलं ते साताऱ्याकडच्या एका तरुण शेतकऱ्याचं. त्याने सरळ लिहिलं होतं की पिक्चर कंटाळवाणा आहे, कुठे जातच नाही. आमच्यातल्या एकाने ते बाजूला ठेवलं होतं. मी त्या तरुणाला फोन केला आणि विचारलं, नेमका कुठे कंटाळा आला? क्षणभर थांबून तो म्हणाला, शेवटाकडे कोर्ट बंद होतं ना, माणसं जातात, दिवे घालवतात, तरी कॅमेरा तिथेच बसून राहतो, तिथे. मग म्हणाला, आमच्या भाऊबंदकीच्या दाव्यात मी तालुक्याच्या कोर्टात असाच बसलेलो असायचो. तारीख पडली की सगळे निघून जायचे, मला उठवायचं नाही. त्याला पुन्हा लिहायला सांगितलं. ते दुसरं पत्र या अंकात आहे. कंटाळा आला हेही मत आहे, आणि प्रामाणिक असेल तर ते फार अचूक जागी बोट ठेवतं. फक्त पुढचा प्रश्न विचारणारा कुणीतरी हवा.

‘बाईपण भारी देवा’वर सर्वांत जास्त पत्रं आली, आणि त्याचं मला नवल वाटलं नाही. केदार शिंदे यांचा हा चित्रपट 30 जून 2023 ला लागला आणि त्यानंतर बायकांनी तो एकमेकींना सांगून चालवला. बचत गट, भिशी, सोसायटीतल्या मैत्रिणी, माहेरच्या बहिणी, सगळ्या मिळून गेल्या, पुन्हा गेल्या. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी सहा बहिणी एकत्र येतात एवढ्यावर तो उभा आहे. त्यात भावना चढ्या सुरात आहेत हे खरं आहे, आणि तसं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण नगर जिल्ह्यातल्या एका अंगणवाडी सेविकेने लिहिलं आहे की, गटातल्या बायकांबरोबर ती आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याशिवाय, सासूशिवाय थेटरात गेली. मध्यंतरात सगळ्या जणी बाहेर उभ्या राहून आपापल्या बहिणींबद्दल बोलत होत्या. एकीने तिथूनच धाकट्या बहिणीला फोन लावला. वडिलांच्या जमिनीवरून त्या दोघींचं बोलणं बंद होतं. या पत्रात चित्रपटाबद्दल जेमतेम चार ओळी आहेत. बाकी सगळं त्या मध्यंतराबद्दल आहे. एखादा चित्रपट लोकांत काय करतो हे समजून घ्यायचं तर या पत्राइतकं मोलाचं मला दुसरं काही सापडलं नाही.

एका आजींनी नातवाच्या मोबाइलवर प्रभातचा ‘संत तुकाराम’ पाहिला. 1936 चा, दामले-फत्तेलाल यांचा, विष्णुपंत पागनीस यांचा. मुंबईत तो वर्षभराहून अधिक काळ चालला होता. आजी घरच्या माळकरी. त्या लिहितात की तुकोबांपुढे हात जोडले, पण डोळे जिजाईवरून हलेनात. आजारी पोराला ओढत देवळात नेऊन विठोबावर पायताण उगारणारी जिजाई, आणि वैकुंठाचं विमान आलं तरी मागे राहिलेली जिजाई. पाठोपाठ त्यांनी स्वतःच्या घरातल्या एका दुष्काळी वर्षाबद्दल लिहिलं आहे. नव्वद वर्षांपूर्वीच्या चित्रपटाबद्दल आज कुणी इतकं आतून बोलू शकतं, तेव्हा तो चित्रपट संग्रहालयात जपलेल्या रिळांइतकाच त्या माजघरातही जपलेला असतो.

मग अशी मतं एरवी ऐकू का येत नाहीत? लोक तर सारखे बोलत असतात. पहिला खेळ सुटतो न सुटतो तोच दारात कॅमेरा उभा असतो : कसा वाटला? अंधारातून उजेडात आलेल्या, डोळे नीट न उघडलेल्या माणसाकडून दहा सेकंदांत उत्तर हवं असतं, आणि तो बिचारा देतो : एक नंबर, पैसा वसूल. संध्याकाळपर्यंत पाचपैकी किती तारे ते ठरलेलं असतं. सोमवारी गल्ल्याचा आकडा येतो आणि मग चर्चा कोटींची होते. हे मला मनापासून खटकतं. निर्मात्याला त्याचा हिशेब हवा, वितरकाला हवा. पण आपण, तिकीट काढून जाणारी माणसं, दुसऱ्याच्या कमाईचे आकडे एकमेकांना का ऐकवतो? ‘सैराट’ हा शंभर कोटींच्या पुढे गेलेला मराठी चित्रपट म्हणून जितका आठवला जातो, तितकी त्यातल्या शेवटच्या चिमुकल्या पावलांनंतरची थेटरातली शांतता आठवली जात नाही. 2016 च्या त्या उन्हाळ्यात ज्यांनी तो पाहिला त्यांना ती शांतता माहीत आहे. तिच्याबद्दल दारातल्या कॅमेऱ्यासमोर बोलता येत नाही. त्याला वेळ लागतो. करमाळ्याकडच्या एका बाईंना वर्षं लागली. आता टीव्हीवर पुन्हा पाहिल्यावर त्यांनी लिहिलं आहे, आणि तेही फक्त एका वस्तूबद्दल : आर्चीचे माहेरचे लोक येताना आईने पाठवलेली म्हणून जी भेट घेऊन येतात तिच्याबद्दल. त्या आईला काय माहीत होतं, एवढा एकच प्रश्न त्यांनी दोन पानं विचारला आहे.

समीक्षेला आमचा विरोध नाही, उलट तिचं ऋण आहे. 1968 मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झालं तेव्हा बँकेत, शाळेत, कचेरीत नोकरी करणारी माणसं संध्याकाळी जगातले चित्रपट पाहायला जमू लागली आणि पाहून झाल्यावर बोलू लागली. पुण्यात सतीश बहादूर यांनी आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी रसास्वाद शिबिरांतून किती तरी साध्या प्रेक्षकांना पाहायला शिकवलं. त्या चळवळीने प्रेक्षकाला भाषा दिली. पण भाषा मिळाली की कधी कधी आपलं काही सांगायचं राहून जातं. एका प्राध्यापकांनी अतिशय सफाईदार पत्र पाठवलं होतं, सगळ्या योग्य संज्ञा होत्या. आम्ही त्यांना विनंती केली : सर, त्यात तुम्ही कुठे आहात? त्यांनी नव्याने लिहिलं. ‘श्वास’मधले आजोबा शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नातवाला जग दाखवायला बाहेर घेऊन जातात, त्याबद्दल, आणि स्वतःच्या वडिलांच्या शेवटच्या दिवसांबद्दल. ते पत्र जरूर वाचा.

शेवटी दोन पत्रांबद्दल सांगतो. ‘फँड्री’वरची ही पत्रं आम्ही समोरासमोरच्या पानांवर लावली आहेत. प्रसंग एकच आहे : जब्याचं घर गावातलं डुक्कर पकडतंय, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात आणि डुक्कर निसटतं. एका शिक्षकाने लिहिलं आहे की त्या वेळी थेटरात हसू फुटलं, तोही हसला, आणि ते हसू नागराज मंजुळे यांनी मुद्दाम घडवलं आहे. त्याच्याशिवाय शेवटी जब्याने भिरकावलेला दगड इतका लागत नाही. दुसरं पत्र एका तरुणाचं आहे. त्याच्या आजोबांनी डुकरं पकडली आहेत. त्याला हसू आलं नाही. तो जब्याच्या बापाकडे, कचरूकडे बघत होता, आणि आजूबाजूच्या हसण्याने तो मध्येच उठून गेला. पुढचा चित्रपट त्याने बऱ्याच दिवसांनी एकट्याने पाहिला.

आमच्या टेबलावर यावरून मोठा वाद झाला. दोन्ही पत्रांखाली संपादकांची टीप द्यावी असं काहींना वाटत होतं. मी नको म्हटलं. शिक्षकाने तरुणाचं पत्र वाचून उत्तर द्यायची इच्छा कळवली आहे, तरुणानेही होकार दिला आहे. दोघांची पुढची पत्रं आली की आमच्या जानेवारीच्या अंकात छापू. तुम्हालाही त्या प्रसंगाबद्दल काही सांगायचं असेल तर पत्ता आतल्या पानावर आहे. अटी त्याच.

1909 मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा हिंदुस्थानात कथापट तयार झालेला नव्हता. तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवण्याची आपल्या घरांची रीत आहे. या वेळी तो एकट्याने वाचू नका. कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, आणि त्यांनी शेवटचा कोणता पिक्चर पाहिला ते विचारा.



— संपादक