जिद्दीला धावपट्टी हवी

यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी येथे १० ऑगस्ट २०२१ च्या रात्री एका चोवीस वर्षांच्या कारागिराचा मृत्यू झाला. मोटारीचे इंजिन बसवून त्याने स्वतः हेलिकॉप्टर तयार केले होते आणि ते स्वातंत्र्यदिनी लोकांना दाखविण्याचा त्याचा मानस होता. चाचणी चालू असता मागचा पंखा तुटून वरच्या पंख्यावर आदळला आणि त्याचा घाव या तरुणाच्या डोक्यावर बसला. यंत्राने जमीनही सोडली नव्हती. नंतर हळहळ पुष्कळ व्यक्त झाली. परंतु असा प्रयोग करू इच्छिणाऱ्याने तो कोठे करावा आणि आधी कोणाकडून तपासून घ्यावा, या प्रश्नाचा विचार झाला नाही.

हा प्रश्न एकट्या यवतमाळचा नाही. सातारा-सांगलीकडील कोणत्याही तालुक्याच्या गावी, मेढ्यालाही, ट्रॉली जोडणारा वेल्डर आणि इंजिन खोलणारा मिस्त्री असतोच. हातात कसब आहे आणि जगभरच्या विमानांची चित्रे आता मोबाईलवर दिसतात. पण मेढ्याभोवती वेण्णेचे अरुंद खोरे, दोहो बाजूंस डोंगर आणि खाली कण्हेर धरणाचे पाणी. तेथे हवेत इंजिन बंद पडले, तर उतरण्याजोगी सपाट जागा सापडणे कठीण. यंत्र बांधणे आणि त्याची चाचणी घेणे ही दोन भिन्न शास्त्रे आहेत, हे येथे ध्यानात येते.

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याचे मूळ रहिवासी कॅप्टन अमोल यादव यांचे उदाहरण याच्या उलट आहे. त्यांनी मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. ते २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांसमोर आले. नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली, उड्डाणाचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून विमानाने यशस्वी चाचणी-उड्डाण केले. यादव हे व्यवसायाने वैमानिक. तरीही मुख्यमंत्री व पंतप्रधान यांनी लक्ष घालेपर्यंत त्यांचे काम अडले होते. ज्या वाटेवर चालण्यासाठी पंतप्रधानांचे लक्ष जावे लागते, ती वाट गावच्या कारागिरासाठी नाहीच, असे म्हणावे लागेल.

नव्या विमानाच्या पहिल्या उड्डाणात अनेक अज्ञात गोष्टी एकदम समोर येतात. जमिनीवर सुरळीत चालणारे इंजिन पूर्ण शक्तीने चढताना तापते किंवा त्याचा इंधनपुरवठा तुटतो. वजनाचा मध्य थोडा मागे सरकलेला असला, तरी विमान ताब्यात राहत नाही. इंजिन बंद पडताच धावपट्टीकडे वळण्याचा मोह होतो. त्या वळणात वेग घटतो, पंखांचा आधार सुटतो आणि सावरण्याइतकी उंची हाती नसते. शासकीय संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. ६ मार्च २००९ रोजी बंगळूरजवळ 'सारस' विमानाच्या चाचणीत हवाई दलाचे तीन अधिकारी मृत्युमुखी पडले. बंद केलेले इंजिन हवेत पुन्हा सुरू करण्याची आखून दिलेली पद्धतच सदोष होती, असे चौकशीत दिसले.

अमेरिकेत अशा विमानांना मनाई नाही. तेथे अटी आहेत. नव्या विमानाला सामान्यतः पहिले २५ ते ४० तास विरळ वस्तीच्या ठरावीक प्रदेशातच उडवावे लागते आणि त्या काळात प्रवासी नेता येत नाही. इतके करूनही धोका संपत नाही. २०११ मध्ये तेथील खासगी व लहान विमानांत घरी बांधलेल्या विमानांचा वाटा सुमारे १० टक्के होता. प्राणघातक अपघातांत तो २१ टक्के होता. नियमांनी धोका नाहीसा होत नाही. परंतु तो जाणून-मोजून पत्करता येतो आणि बघ्यांना त्यापासून दूर ठेवता येते.

परवानगी दिली की जबाबदारी अंगावर येते, अशी अधिकाऱ्यांची भीती असते. ती अगदीच निराधार नाही. पण नकाराने प्रयोग थांबत नाहीत. ते रात्रीच्या अंधारात, शेडमध्ये आणि हेल्मेटशिवाय होतात. राज्यातील एखादी कमी वर्दळीची धावपट्टी ठरावीक दिवशी अशा चाचण्यांसाठी मोकळी ठेवणे, पंखा फिरविण्यापूर्वी यंत्र तपासणारा अभियंता तेथे नेमणे आणि पहिले उड्डाण अनुभवी वैमानिकाच्या हाती देणे, यांस फार मोठा खर्च येणार नाही. तपासणीत दहापैकी नऊ यंत्रे उडण्यास अयोग्य ठरतील, हेही संभवते. तसे ठरले, तरी ती बांधणारे नऊ तरुण घरी परत जातील. फुलसावंगीच्या तरुणाला असा नकार देणारा कोणी भेटला नाही, ही त्या घटनेतील खरी शोकांतिका आहे.