सेंटाइल म्हणजे मार्क नव्हेत

मागच्या रविवारी लेस्टरला एका बारशाला गेले होते. बाळ दीड महिन्याचं, गोड, बारकुडं. बाबाने रेड बुक उघडून दाखवलं. "ताई, नववा सेंटाइल आहे हो. वर्षभरात पन्नासच्या वर काढतो की नाही बघा!" सगळे हसले. मला मात्र अकरा वर्षांपूर्वीची मीच समोर दिसले.

आपण परीक्षा देत देत इथवर आलेली माणसं. नऊ म्हटलं की पोटात गोळा येतो. पण सेंटाइल म्हणजे मार्क नव्हेत. शंभर बाळांत नऊ बाळं याच्याहून हलकी, एवढाच त्याचा अर्थ. बाळ आपली रेष धरून वाढत असेल तर ते पासच आहे. रेष सोडून खाली घसरत असेल तर हेल्थ व्हिजिटरला विचारा, शेजारच्या काकूंना नको.

माझा मुलगा जन्मला तेव्हा २.६ किलोचा. त्याने तोंड फिरवलं तरी मी बाटली संपवायला लावायचे. चार महिने भरायच्या आत नाचणीसत्त्व सुरू केलं, पुढे मोबाइलवर गाणी लावून घास भरवले. वर्षाचा झाला तेव्हा पंचाहत्तराव्या रेषेवर! फोनवर आई म्हणाली, "आता कसा गुटगुटीत दिसतोय." रिसेप्शनमधल्या मोजणीनंतर 'वजन योग्य' असं पत्र आलं. इयर सिक्सला आलं ते 'वजन जास्त' असं. ते नेमकं त्याच्याच हाती लागलं. त्या रात्री तो जेवला नाही.

मग मी वाचायला लागले, आणि उत्तर सापडलं ते थेट आपल्या पुण्यात. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं इथल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली सरासरी २.७ किलो, इथली ३.५. आपली बाळं स्नायूंत बरीच कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून. म्हणजे दिसायला बारीक, आतून चरबीदार. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिकांचा एका ब्रिटिश सहकाऱ्याबरोबर फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय तोच, २२.३. चरबी मात्र सहकाऱ्याची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२!

मी सीए आहे. एकूण बेरीज जुळली म्हणून खाती बरोबर असतात असं नाही, हे मला कामावर कळतं, घरी कळलं नव्हतं. इथल्या दक्षिण आशियाई मुलांच्या बीएमआयमध्ये सुमारे १.१ मिळवला तरच चरबीचा खरा अंदाज येतो, असं ब्रिटिश संशोधकांना दिसलं. शाळेचं पत्र मात्र सगळ्यांना एकच पट्टी लावतं.

म्हणून आपलं रक्तच वाईट, असं अजिबात नाही. बोस्टनच्या एका अभ्यासात कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांमध्ये तान्हेपणी झपाट्याने वाढलेलं वजन, लवकर सुरू झालेला वरचा आहार, कमी झोप, झोपायच्या खोलीत टीव्ही, हे सगळं जास्त आढळलं. यातलं काही आईबापांच्या हातात असतं, काही नसतं. इंग्लंडमध्ये सगळ्यात गरीब वस्त्यांत इयर सिक्सच्या मुलांमधला लठ्ठपणा सगळ्यात सधन वस्त्यांच्या दुपटीहून जास्त आहे. रात्रपाळी करून आलेल्या आईने मुलाला स्क्रीनसमोर बसवलं तर तिला नावं ठेवणं सोपं आहे. तिला मदत करा.

पण आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात बरंच आहे. वरचं अन्न साधारण सहा महिन्यांनी. बाळाने तोंड फिरवलं की पोट भरलं, विषय संपला. ज्यूस दिवसाला १५० मिली, त्याहून जास्त नाही. जेवताना मोबाइल नाही, झोपायची वेळ ठरलेली. आणि पोराला डाएटवर ठेवू नका, 'जाड्या' म्हणू नका. बदल सगळ्या घराने करायचा. आमच्याकडे सध्या जेवणानंतर चौघंही चालायला जातो, पावसातसुद्धा.

निघताना त्या बाबाला म्हटलं, "पन्नासचं सोड रे. त्याने तोंड फिरवलं की थांब."

तुमच्या घरी भरवण्यावरून आजी-आजोबांशी काय काय झालंय? लिहा. एकटीच मी नसणार!