परवाना कडक, कट्टा मोकळा



‘परवाने बंद करा, बंदुका आपोआप संपतील’ हे गेल्या अंकातलं पत्र वाचलं. कायद्याने काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, वरातीत हौसेने बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. चांगलंच झालं.

पण कात्री लागली ती नोंदीतल्या बंदुकांना. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात मुकाट्याने बंदूक जमा करतो तो परवानेवाला. आमच्या पन्हाळा भागात उसात गवे, डुकरं घुसतात. पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यायची सोय १९५९च्या शस्त्र कायद्यातच आहे. अर्ज घेऊन हेलपाटे मारणाऱ्यालाच विचारा ती किती सोपी आहे ते!

गावठी कट्टेवाला मात्र अर्जच करत नाही. मध्य प्रदेशातल्या उमर्टीसारख्या गावांतून चोपडा तालुक्यातून येणारा माल पोलीस वर्षानुवर्षं पकडताहेत, तरी तो येतोच. पत्रलेखकांनी त्या वाटेबद्दल एक ओळही लिहिलेली नाही. नाकेबंदी, आणि पकडलेल्या पोराच्या मागचा विकणारा गाठणं, यावर त्यांचं म्हणणं काय?

– एक शेतकरी वाचक, कोडोली (ता. पन्हाळा)